पाटाच्या तारेवरचा साहेब

राज्य विश्वासावर चालतं. आमच्या तलावाचं तरी त्या काळी विश्वासावरच चालत होतं, कारण दुसरी कुठली सोय खात्यानं केलेली नव्हती.

माझा पुतण्या आता पुण्यात ई-मेलच्या सर्व्हरची देखभाल करतो. परवा जेवताना तो सांगत होता की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलंय. कुणीही उठावं, दुसऱ्याच्या नावानं आत निरोप सोडावा, आणि सर्व्हर तो खरा मानून पुढं पाठवतो. ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं त्यांनी भोकाला ठिगळ काढलंय, पण ठिगळाबरोबर भोक नेमकं कुठं आहे हेही जगजाहीर केलंय. आता ठिगळ आधी लागतं की चोर आधी येतो, एवढाच प्रश्न. "काका, तुम्हाला नाही कळायचं, पण असल्या दिवसांत जेवण जात नाही," असं म्हणून त्यानं ताट सरकवलं. मला कळलं होतं. तलावाच्या चौकीतली घंटा वाजायची तेव्हा माझंही जेवण असंच राहायचं.

सत्तरच्या दशकातला दुष्काळ. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. भूम तालुक्यातल्या एका तलावावर मी कारकून होतो आणि आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेला पहिलाच होतो. तलावात उरलं होतं ते पाणी फक्त पिण्यासाठी राखलेलं. ठरलेल्या दिवशी उपविभागाच्या कचेरीतून फोन यायचा, गेट किती इंच आणि किती वेळ उघडायचं ते सांगितलं जायचं, आणि पाटानं पाणी खाली गावाच्या टाकीत जायचं. त्या दिवशी पाटावर पहारा असे. शेतांकडं जाणाऱ्या चाऱ्यांची तोंडं बंद असत. इतर दिवशी पहारा नसे, कारण इतर दिवशी पाटात पहारा करण्यासारखं काही नसे.

माझं घर त्याच गावात, कडेच्या टेकाडावरच्या वस्तीत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीचं नाव बदललं होतं. नळ होता तिथंच राहिला होता. पाइपाच्या शेवटच्या टोकाला. टाकीत पाणी कमी झालं की गावात सगळ्यांत आधी आमचा नळ कोरडा पडे आणि सगळ्यांत शेवटी त्याला पाणी येई. त्यामुळं गेट एखाद्या भलत्या दिवशी रात्रभर उघडं राहिलं तर काय होईल, हे मला कुठल्याही आलेखावरून समजून घ्यावं लागत नव्हतं. माझी आई कळशी घेऊन कुठं उभी राहील ते मला माहीत होतं.

पाटाच्या कडेनं बाभळीच्या खांबांवरून खात्याची एकच तार आलेली होती. तिला तीन फोन: एक कचेरीत, एक आमच्या चौकीत आणि एक मधे पाणी सोसायटीच्या ऑफिसात. खांब रोवायला सोसायटीनं श्रमदान केलं होतं, आणि श्रमदानाच्या समारंभात चेअरमननं फोन मागितला होता. हारतुऱ्यांच्या वेळी मागितलेलं नाही म्हणता येत नाही. हँडल फिरवलं की तिन्हीकडं घंटा वाजे. एक लांब म्हणजे कचेरी, दोन म्हणजे सोसायटी, तीन म्हणजे आम्ही. उचलायचं कुणी, हे घंटेनं सांगितलेलं असे. पण कुणी उचलायचं नाही, हे सांगण्याची सोय घंटेत नव्हती. तारेवरून येणारा आवाज पत्र्याच्या पेटीत बेडूक कोंडावा तसा यायचा. त्या आवाजानं "मी साहेब बोलतोय" म्हटलं की तो साहेब.

माझ्याबरोबर गेटवाले चाचा होते. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनीही कुठल्यातरी बंधाऱ्यावर हेच काम केलेलं. गेटचं चाक फिरवायला एक जाड लोखंडी हँडल लागायचं, आणि ते चाचांच्या ताब्यात असे.

उन्हाळा सुरू होता होता बातमी आली की पलीकडच्या एका तलावावर कुणीतरी साहेबाच्या नावानं फोन केला, गेट उघडायला लावलं आणि दोन दिवसांत तलाव तळाला गेला. तिथल्या कारकुनाला निलंबित केलं. गेटवाल्याला गावानं बाजाराच्या रस्त्यावर गाठून इतकं मारलं, की त्याचा हात परत कधी सरळ झाला नाही.

चाचांनी विडी काढली आणि न पेटवताच परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्याच्या जागी म्या असतो तर म्याबी खोललं असतं. साहेब म्हनला खोल, की खोलायचं. आख्खी नौकरी तेच केलंय न्हवं?"

"तुम्ही का घाबरता चाचा? फोन मी घेतो. निलंबित मी होईन."

"व्हय बाबू. तू निलंबित व्हशील, अन् मार म्या खाईन. तुझं कागदावर, माझं हाडावर."

आठवड्याभरात परिपत्रक आलं. त्यावर 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का होता, आणि खाली माहितीसाठी प्रती कुणाकुणाला, याची यादी मूळ मजकुराइतकी लांब होती. सगळ्या ग्रामपंचायती, सगळ्या सोसायट्या. मजकूर मात्र चोख होता. अज्ञात इसमानं कोणत्या वेळी फोन केला (कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत, तेव्हा तिथल्या फोनजवळ कुणी नसतं), काय बोलला, कारकुनानं ओळख कशी पटवून घेतली नाही आणि पटवून घेण्याचा कुठलाही मार्ग कसा अस्तित्वात नव्हता, हे सगळं मुद्देसूद. परिपत्रक येईपर्यंत ही युक्ती तालुक्यात एका माणसाला ठाऊक होती. पंचायतीच्या फळ्यावर ते डकवलं गेल्यावर बाजाराला आलेली माणसं ते एकमेकांना वाचून दाखवू लागली. दोघंतिघं तर मुद्दाम वाट वाकडी करून चौकीत आले आणि फोन बघून गेले. काही विचारलं नाही. नुसता बघितला.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडेनासा झालो. घंटा वाजली तर कोण बोलेल याची भीती. न वाजली तर आता वाजेल याची भीती. उन्हात तार तापून ताणायची, सैल व्हायची आणि खांबाच्या चिनीमातीच्या वाटीशी किरकिरायची. त्या किरकिरीलाही मी उठून उभा राहायचो.

मग ठिगळ आलं. दुसऱ्या परिपत्रकानं असं ठरवलं की यापुढं पाण्याबाबत एक अक्षर बोलण्यापूर्वी फोन करणाऱ्यानं सांकेतिक शब्द सांगावा आणि घेणाऱ्यानं तो विचारावा. शब्द कागदावर लिहू नये. आमच्या साहेबांना, म्हणजे कचेरीतल्या उपअभियंत्यांना, संस्कृतची आवड होती. त्यांनी तो शब्द आम्हाला कळवला, तो अर्थातच फोनवरून.

"कोण आहे? झोपला होतास काय?" साहेबांचा प्रत्येक फोन असाच सुरू व्हायचा. "लिहून घे. नको, लिहू नकोस, लक्षात ठेव. भगीरथ. काय?"

"भगीरथ, साहेब."

"जोरात बोल, ऐकू येत नाही."

"भगीरथ!"

तारेवर आम्हा दोघांखेरीज आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. ठेवताना दोन नव्हे, तीन खटके वाजले.

चाचा पुढच्या बाजारी ईट गावी गेले. परत आले ते चेहरा उतरवूनच. चहाच्या गाड्यावर कुणीतरी त्यांना हाक मारली होती: "काय चाचा, भगीरथ बरा हाय का?" गाड्यावरची सगळी माणसं हसली म्हणे. चाचाही हसले, कारण न हसून चाललं नसतं.

मी साहेबांना फोनवरच सांगितलं, "साहेब, शब्द फुटलाय."

"फुटला म्हणजे काय? गोपनीय आहे तो."

"बाजारात बोलतात साहेब."

"मग बाजाराला कळव की तो गोपनीय आहे." मग ते म्हणाले, "बदलायचा तर उस्मानाबादहून मंजुरी आणावी लागेल. बघतो."

मंजुरी येईपर्यंत आम्ही आमच्या परीनं काहीतरी करायचं ठरवलं. उलटा फोन करून खात्री करून घ्यावी तर घंटा तिन्हीकडं वाजणार, आणि तिकडून कोण उचलील ते देव जाणे. शेवटी चाचांनी सुचवलं की जेवणाच्या सुट्टीत गेटचं हँडल चाकावर ठेवायचंच नाही. त्यांनी ते चौकीमागं जमिनीत ठोकलं आणि त्याला आपली शेळी बांधली. खुंटा म्हणून ते इतकं बेमालूम दिसायचं की पहिल्या दिवशी मीच त्याला अडखळलो.

आणि एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीतच, तीन घंटा वाजल्या.

"नमस्कार," पलीकडचा आवाज म्हणाला. "मी उपअभियंता बोलतोय. सांकेतिक शब्द भगीरथ. गावच्या टाकीत पाणी कमी आहे. आपण कृपया गेट नऊ इंच उघडावं आणि उद्या सकाळपर्यंत तसंच ठेवावं."

सगळं नियमानं होतं. आधी हुद्दा, मग शब्द, मग कारण, मग आदेश. परिपत्रकाप्रमाणं पाहिलं तर तो माणूस साहेबच होता. मी "हो साहेब" म्हणालो. ते दोन शब्द माझ्या तोंडून आपोआप निघत. मी फोन ठेवला.

चाचा दारात उभे होते. "काय म्हनतो?"

मी सांगितलं.

"कृपया म्हनला?"

"हो."

"अन् झोपला व्हतास का, आसं न्हाय इचारलं?"

"नाही."

"मंग आपला साहेब न्हाय त्यो."

त्यांना खात्री होती, मला नव्हती. कार्यकारी अभियंता समोर बसलेले असतील आणि म्हणून साहेब सभ्यपणानं बोलले असतील तर? टाकीत खरंच पाणी कमी असेल तर? गेट न उघडल्यानं टाकी रिकामी झाली, तरी आधी कोरडा पडणार तो टेकाडावरचाच नळ. उघडावं तरी आई कळशी घेऊन उभी, न उघडावं तरी उभीच. शेवटी न राहवून मी फोनचं हँडल फिरवलं, एक लांब. उलटा फोन करण्यात अर्थ नाही, हे आम्हीच ठरवलेलं असूनही.

लगेच कुणीतरी उचलला.

"बोला," तोच सभ्य आवाज म्हणाला. "उघडलं का आपण?"

मी फोन ठेवला. आजवर मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटली आहे, पण त्या 'आपण'सारखी नाही. समोर माणूस असता तर चेहरा तरी दिसला असता.

"थांबू या," चाचा म्हणाले. "सुट्टी संपली की कचेरीत कुणीतरी खरं मानूस येईलच की."

सुट्टी संपायच्या आत पाटाच्या बाजूनं माणसं आली. दहाबारा असतील. काहींच्या खांद्यावर कुदळी होत्या, एकाच्या हातात कुऱ्हाड. त्यांच्या मागून सोसायटीचे चेअरमन मोटारसायकल ढकलत आले. बांधावरच्या मुरुमात ती चालत नव्हती. मोठा माणूस, खादीचे कपडे, चेहरा उन्हानं काळवंडलेला. तालुक्यात कुणीही अधिकारी आला की त्याच्या उजव्या हाताला हे उभे असत. भाषणात साहेबांना गावाचं नाव, सभासदांची संख्या, मागच्या मंत्र्यांचं आडनाव आठवलं नाही की हे हळूच पुरवत. वर्षानुवर्षं पुरवत आले होते.

"गेट का बंद हाय रं?" चेअरमननी विचारलं.

"आज पाण्याचा दिवस नाही चेअरमनसाहेब."

"ऑर्डर आलीय न्हवं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी मोटारसायकल स्टँडवर लावली. "शब्दासकट आलीय," ते म्हणाले. "मंग तू कोन थांबवनार? खाली उसाचं बेणं वाळाया लागलंय. कारखान्याचं शेअर घेतलंय ह्या समद्यांनी. औंदा बेणं गेलं तर फुडल्या साली कारखान्यात काय गाळायचं? तुझ्या फायली?"

मागं एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत, आणि मला ते न हसणं जास्त लागलं. ते चोर नव्हते. घरी त्यांनाही तहान होती, फक्त ती उसाची होती आणि एका रात्रीत भागण्यासारखी होती. कुऱ्हाडवाला गेटकडं गेला, चाकाभोवती फिरला आणि ओरडला, "हँडल न्हाय हितं!"

"कुठं हाय हँडल, चाचा?"

चाचा काही बोलले नाहीत. शेळी बोलली. माणसं चौकीत शिरली, खाटेखाली वाकली, माझी पत्र्याची पेटी उघडून त्यातली पुस्तकं चाळल्यासारखी करून जमिनीवर टाकली. दोघं मागच्या बाजूला गेले, शेळीला लाथेनं बाजूला सारून गवताच्या ढिगात हात घालू लागले. चाचांनी माझं मनगट धरलं. मी सारखा त्यांच्या कोपराकडं बघत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या दुसऱ्या तलावावरच्या गेटवाल्याचा हात येत होता.

"न्हाय सांगत तर हातोडा आना," कुणीतरी म्हणालं. "चाकच फोडू."

तेव्हा घंटा वाजली. तीन.

कुणी हललं नाही. मीच फोन उचलला.

"कोण आहे? झोपला होतास काय?" आवाज इतका मोठा होता की चौकीत सगळ्यांना ऐकू गेला. "पातळी किती आहे आज?"

त्या क्षणी मला साहेबांविषयी जे प्रेम वाटलं, तसं त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी वाटलं नाही. पण शब्द विचारल्याशिवाय पाण्याबाबत एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम होता, आणि तो मोडताना बघायला दहाबारा साक्षीदार समोर उभे होते. नुसत्या आवाजावरून मी एकाला साहेब मानलं, तर मघाच्याला का नाही मानलं, हे त्यांना काय सांगणार?

"साहेब," मी म्हणालो, "सांकेतिक शब्द सांगा."

"काय?"

"शब्द, साहेब. आधी शब्द."

"मी कोण बोलतोय ते कळत नाही का तुला?"

"कळतंय साहेब. पण शब्द लागेल."

तारेवर नुसती किरकिर. साहेबांना शब्द आठवत नव्हता; हे मला कळलं आणि चौकीतल्या सगळ्यांनाही कळलं. "तो आपला..." साहेब पुटपुटले. "अरे तो... गंगा आणली त्याचा..."

चेअरमन माझ्या शेजारीच उभे होते. एक अधिकारी अडला होता आणि ते त्याच्या उजव्या हाताला होते. ते फोनकडं झुकले आणि सभेत पुरवत तसं, आदबीनं, हळूच म्हणाले:

"भगीरथ, साहेब. भगीरथ."

"हां, भगीरथ!" साहेब म्हणाले. मग थांबून, "हे कोण बोललं?"

मी चेअरमनकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढली, तिच्याकडं पाहिलं आणि परत घातली. कुऱ्हाडवाला तोंड फिरवून हसत होता. मग दुसरा हसला, मग सगळेच.

"चेअरमनसाहेब आलेत इथं, साहेब," मी म्हणालो. "आणि माणसं आहेत. मघाशी तुमच्या नावानं फोन आला होता, गेट उघडा म्हणून. शब्द बरोबर सांगितला होता."

"गेटला हात लावायचा नाही!" साहेब ओरडले. "कुणी सांगितलं तरी! मी सांगितलं तरी!"

हेही सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं आली तशी निघून गेली. चेअरमन शेवटी गेले. मोटारसायकल वळवताना ते मला म्हणाले, "म्या न्हाय केला फोन."

"मी कुठं म्हणतो?"

"शब्द समद्यांनाच ठाव हाय."

ते खरं होतं. त्या तारेवर शब्द माहीत असणं हा कशाचाच पुरावा नव्हता. फोन कुणी केला ते मला आजही माहीत नाही. बेणं मात्र खरंच वाळलं. पावसाळ्यानंतर एकदा ते रस्त्यात भेटले, माझ्या आईची तब्येत विचारली आणि पुढं गेले.

चाचांनी त्या दिवशी हँडल उपसलंच नाही. शेळी त्याला बांधूनच राहिली. मला आठवड्यानं मेमो आला: वरिष्ठांना सांकेतिक शब्द विचारताना आवाज चढवला. मी दिलगिरी लिहून पाठवली. सोसायटीचा फोन काढण्याचा प्रस्ताव सोसायटीच्या शिफारशीसाठी पाठवला गेला आणि तिथंच राहिला. उस्मानाबादहून नव्या शब्दाला मंजुरी आली, आणि साहेबांनी तो शब्द आम्हाला त्याच तारेवरून कळवला. पाऊस येईपर्यंत रोज दुपारी, कचेरीची जेवणाची सुट्टी संपेस्तोवर, मी आणि चाचा फोनसमोर बसून राहायचो. घंटा वाजली की आधी एकमेकांकडं बघायचो, मग फोनकडं.

टेकाडावरचा नळ अधूनमधून का होईना, शेवटपर्यंत येत राहिला. पावसाळा लागल्यावर कचेरीनं तलावाचा हिशेब काढला. त्या उन्हाळ्यात गाव जेवढं पाणी प्यालं, त्याहून जास्त उन्हानं उडून गेलं होतं.